पुण्याहून पहिली घाटवाट कुठली करावी, कधी आणि कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोथरूडचं कुटुंब, वडील साठीच्या पुढचे, मुलगी नववीत, सिंहगड नेहमीचा चढून झालेला. आता किल्ला नको, रविवारची गर्दी नको, झाडीतून जाणारी एखादी जुनी वाट चालायची आहे जिला खरोखर इतिहास आहे, एका दिवसात पुण्याला परत यायचंय. कुठली वाट निवडू, वाटाड्या लागेल का, आणि मुलीला वाटेत दाखवण्यासारखं काय असतं? मी बरीच वर्षं लोकांना घाटवाटांवर घेऊन जातोय, त्यात पहिल्यांदा येणारे, वयस्कर, शाळकरी पोरं सगळे असतात, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

आधी सरळ उत्तर. पहिली वाट जुन्नरजवळचा नाणेघाट. डिसेंबर किंवा जानेवारीत, शनिवार-रविवार सोडून, वरून, माथ्यावरच्या घाटघर गावाच्या बाजूने उतरायचं आणि त्याच वाटेने परत वर यायचं. ती झाली आणि वडिलांचे गुडघे खूश असतील तर दुसरी वाट उपांड्या-मढे, केळदहून. तिसरी कुरवंडे ते उंबरखिंड. याच क्रमाने करा, कारण वाट वाचायची सवय हळूहळू लागते आणि नाणेघाटात सगळ्या गोष्टी इतक्या स्पष्ट दिसतात की तिथे एकदा शिकलं की बाकीच्या वाटांवर त्याच खुणा पुसट असल्या तरी ओळखता येतात.

आता जरा मागे जाऊ, कारण माझ्या मते घाटवाट चालताना सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे की ही वाट इथूनच का जाते. नकाशा उघडून बघा. कुकडी, भीमा, इंद्रायणी, मुळा, मुठा, नीरा, आपल्या जिल्ह्यातल्या या सगळ्या नद्या पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्याजवळ उगम पावतात आणि पूर्वेकडे वाहत जातात. म्हणजे प्रत्येक नदीचं खोरं हा तयार रस्ताच आहे, सपाट, पाणी असलेला, गावं असलेला, आणि तो तुम्हाला थेट कड्यापर्यंत आणून सोडतो. कड्यावर कुठेतरी खाच असते, खिंड असते, तिथून एखादी सोंड, म्हणजे डोंगराची उतरती धार, कोकणात उतरत असते, खाली पुन्हा नदी आणि नदीच्या तोंडाशी खाडी, बंदर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याने यातलं काही शोधून काढलं नाही, डोंगराने जे दिलं ते त्याने वापरलं. जुन्नर ते नाणेघाट कुकडीचं खोरं. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी आणि लोहगड-विसापूर मावळातल्या खोऱ्यांच्या कडेने, पुढे बोरघाट आणि कुरवंडे. एकदा हे डोक्यात बसलं की मग लेणी कुठे आहेत, किल्ला कुठे आहे, टाकं कुठे खोदलंय हे सगळं एका दोरीत ओवलं जातं. लेणी खोऱ्यात कारण तिथून माणसं जायची आणि दान द्यायची, किल्ला खिंडीच्या डोक्यावर कारण तिथून वाटेवर नजर राहते. नाणेघाटाच्या वाटेवर जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी एवढे किल्ले आहेत ते उगीच नाहीत.

अजून एक, नावावरून वाट किती अवघड असेल याचा अंदाज येतो. ज्याला गावकरी नुसता घाट म्हणतात तिथून बहुतेक वेळा पाठीवर ओझं घेतलेला बैल जाऊ शकायचा, त्यामुळे चढ बेताचा, वळणं मोठी. नाळ म्हणजे दोन कड्यांच्या मधली घळ, दगडधोंड्यांनी भरलेली, तिथे माणूस जातो पण लादलेलं जनावर नाही. निसणी म्हणजे तर शिडीच, कातळात खोबण्या नाहीतर लाकडाचे ओंडके टेकवलेले. घरच्यांना घेऊन पहिल्यांदा जाताना घाटच निवडा. कोणी इंटरनेटवर बोराट्याच्या नाळेचे फोटो टाकून मस्त सोपी आहे म्हणत असेल तर त्याचं वय आणि सराव बघा आधी. भीमाशंकरचा शिडी घाट पण वडिलांना घेऊन नको, तिथे लोखंडी शिड्या आणि बाजूला मोकळी दरी आहे. गणेश घाट बराच सोपा, पण लांब आहे आणि पायथ्याच्या खांडस गावाला जायला पुण्याहून कर्जतवरून फिरून जावं लागतं, एका दिवसात ओढाताण होते.

आता नाणेघाट. पुण्याहून नारायणगाव, जुन्नर, पुढे चावंडच्या बाजूने घाटघर, साधारण सव्वाशे किलोमीटर धरा. पहाटे पाचला निघालात तर साडेआठच्या आत माथ्यावर. गाडी वर लावता येते. डाव्या-उजव्या बाजूला बघण्याआधी मुलीला मागे वळून कुकडीचं खोरं दाखवा, मग पुढे जाऊन खाली कोकण. पाचेक मिनिटं तिथे थांबलात तरी वाट इथूनच का, याचं उत्तर शब्दांशिवाय मिळतं. बाजूला जो सुळक्यासारखा कडा उठलाय तो नानाचा अंगठा. खिंडीच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे, एका दगडातून कोरलेला. जकातीची नाणी यात टाकायचे असं पिढ्यानपिढ्या सांगतात.

खिंडीतून पायऱ्या उतरायला लागलं की थोड्याच अंतरावर कोरीव गुहा लागते. इथे घाई करू नका. आत भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा शिलालेख आहे, सातवाहनांच्या नागनिका राणीचा म्हणून ओळखला जातो, साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यात दिलेल्या दक्षिणेची नोंद आहे, गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, आणि सगळे आकडे लिहिलेत. ते आकडे हीच मोठी गोष्ट आहे. भारतात अंक कसे लिहिले जायचे याचे जे फार जुने पुरावे आहेत त्यातला हा एक, आणि तो एका वाटेवरच्या गुहेत आहे, जिथे ऊन-पावसाला व्यापारी बसत असतील. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या, वर नावं कोरलेली, सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि राजकुमार वगैरे. प्रतिमा गेल्या, आता काही ठिकाणी फक्त पावलांच्या खुणा उरल्यात. मुलीला त्या शोधायला सांगा. मोबाईलचा टॉर्च समोरून मारू नका, बाजूने तिरका धरा, मग भिंतीतली अक्षरं सावलीने उठून येतात, समोरून उजेड मारला तर सपाट दगड दिसतो फक्त. ही साधी गोष्ट आहे पण निम्मे लोक अक्षरं न बघताच परत जातात त्यामुळे. आणि भिंतीला हात लावायचा नाही, खडूने अक्षरं गडद करायची नाहीत, कोणी करताना दिसलं तर शांतपणे सांगायचं. दोन हजार वर्षं टिकलेलं अक्षर आपल्या बोटांच्या घामाने झिजू नये एवढं तरी आपण करू शकतो.

हा लेख पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात वाचून त्याचा अर्थ लावायचं मोठं काम केलं. त्याआधी किती शतकं लोक इथून ये-जा करत होते आणि भिंतीवर काय लिहिलंय हे कोणाला माहीत नव्हतं. मला हे दर वेळी सांगावंसं वाटतं, कारण वाट चालू होती, फक्त वाचता येत नव्हतं.

गुहेच्या आसपास आणि खाली उतरताना पाण्याची टाकी आहेत, काहींत बारा महिने पाणी असतं पण पिण्याआधी बघून घ्या, मी तरी स्वतःचं पाणी नेतो. पायऱ्यांकडे नीट बघा. एखादी पायरी निवडून खाली बसा, उजेड आडवा येत असेल तर दिसेल की मधला भाग बशीसारखा खोल गेलाय आणि दोन्ही कडा अजून टोकदार आहेत, छिन्नीचे तिरके घाव कडेला शाबूत आहेत, मधे मात्र बोट फिरवलं तर गुळगुळीत. माणसं आणि जनावरं मधूनच चालली. सगळ्या पायऱ्या अशा नाहीत, काही ठिकाणी नुसते दगड रचलेत, काही मागाहून दुरुस्त केलेले आहेत, पण जिथे मूळ कातळ आहे तिथे हे दिसतं.

किती उतरायचं? पायऱ्या संपून वाट मातीची होते आणि दोन्ही बाजूंनी झाडी मिटायला लागते तिथपर्यंत उतरा, तिथे सावलीत बसून खा आणि वळा. पूर्ण उतरून वैशाखऱ्याला हायवेवर जाता येतं पण मग गाडी माळशेजने फिरवून खाली आणावी लागते, ते लांब पडतं. ड्रायव्हर असेल आणि वडिलांना फक्त उतरायचं असेल तर तो पर्याय आहे, पण माझं मत असं की उतरण्यापेक्षा चढणं गुडघ्यांना बरं आणि वाट तुम्ही एकदा उतरताना आणि एकदा चढताना बघितलीत तरच कळते, दोन्ही वेळा वेगळी दिसते.

आता वेळेबद्दल, कारण हे फार कमी लोक सांगतात. घाटवाटा पश्चिम कड्यावर आहेत. म्हणजे सकाळी दहा-साडेदहापर्यंत ती सगळी उतरण डोंगराच्या सावलीत असते, गार, दवाने ओली. दुपारी एकनंतर सूर्य पलीकडे जातो आणि तोच कडा संध्याकाळपर्यंत भाजत राहतो, वर कोकणाची दमट हवा. लोक वरून रमतगमत अकराला उतरायला सुरू करतात, खाली जेवतात आणि दोन वाजता चढायला लागतात, मग डिसेंबरातसुद्धा हालत खराब होते आणि पाणी संपतं. तुम्ही नऊच्या आत उतरायला लागा, जेवण खाली न करता नुसता नाश्ता करा आणि बाराच्या आसपास परत माथ्यावर असा. जेवण घाटघरमध्ये, आधी सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी मिळते, गरम, चुलीवरची. आणि पैशांची घासाघीस करू नका प्लीज, त्या घरात पाणीसुद्धा उन्हाळ्यात डोक्यावरून आणावं लागतं.

झाडीबद्दल विचारलंत. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. टणक थराचा कडा होतो, मधला ठिसूळ थर झिजून आत जातो आणि तिथे सपाट पायरी तयार होते, तिला पदर म्हणतात. वरच्या कड्यावरून आलेली माती आणि पाणी दोन्ही पदरात साठतं म्हणून जंगल पदरात असतं, झरे पदरात, आणि धनगरवाडे, छोट्या वाड्यापण पदरात. जुनी वाट कडा सोंडेवरून किंवा खिंडीतून एकदाच पार करते आणि मग पदरातून आडवी जाते, पुढच्या सोयीच्या सोंडेपर्यंत. हे लक्षात ठेवा, वाट चुकल्यावर उपयोगी पडतं: कड्याच्या टोकावर आलात आणि खाली सरळ घळ दिसतेय तर बहुतेक जुनी वाट तिथून नाही, मागे जाऊन आडवी वाट शोधा.

पदरातल्या झाडीत अंजनी दिसेल, उन्हाळ्याच्या तोंडाशी फांदीला चिकटून निळी-जांभळी फुलं येतात. हिरडा असतो, जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी घरांना बाळहिरड्यावर चार पैसे मिळतात, त्यामुळे त्या झाडाला ओरबाडू नका. जांभूळ, उंबर, गेळा, करवंदाच्या जाळ्या. कारवी मोठ्या पट्ट्यात असते, सात-आठ वर्षांनी एकदा सगळी एकदम फुलते, एरवी नुसत्या काड्या दिसतात पण त्याच काड्यांच्या कुडाला शेण लिंपून इथल्या घरांच्या भिंती उभ्या राहिल्या. आणि नोव्हेंबरनंतर गवत वाळलं की कुसळं. कॉटनचे मोजे आणि ट्रॅकपँट घातलीत तर संध्याकाळी तासभर कुसळं काढत बसाल, गुळगुळीत कापडाची पँट घाला आणि मोज्यावरून खाली सोडा. फेब्रुवारीच्या शेवटी आलात तर पळस, पांगारा, सावर फुललेली असते, फार सुंदर दिसतं, पण तेव्हा उन्हं वाढलेली आणि वणव्यांची भीती असते, तेव्हा घरच्यांबरोबरची पहिली वाट नको.

पावसाळ्यात का नको हेही सांगतो. फोटो सगळे जुलै-ऑगस्टचे असतात हे मला माहीत आहे. पण तेव्हा कातळावर शेवाळ असतं, धुक्यात दहा फुटांवरची वाट दिसत नाही, वरून दगड सुटतात आणि ओढा तासाभरात कमरेएवढा होतो. शिवाय नाणेघाटात तेव्हा उलटा धबधबा, म्हणजे वाऱ्याने परत वर उडणारं पाणी, बघायला इतकी गर्दी असते की गुहेत उभं राहायला जागा नसते, आणि जिल्हा प्रशासन काही ठिकाणी बंदीसुद्धा घालतं. वाट बघायची असेल तर पाऊस जाऊ द्या. ऑक्टोबरमध्ये सोनकी-तेरडा उरलेला असतो तेव्हा चालेल, फक्त दुपारी ढग भरून आले तर उघड्या माथ्यावर थांबू नका.

वाटाड्या लागेल का? नाणेघाटात नाही, वाट स्वतःच बोलते. बाकी सगळीकडे हो, आणि मी हे फक्त सुरक्षिततेसाठी सांगत नाहीये. जीपीएसचा ट्रॅक डाउनलोड करा, ऑफलाइन मॅप ठेवा, रेंज नसते हे धरूनच चला, पण ट्रॅक तुम्हाला एवढंच सांगतो की कोणीतरी इथून गेलं होतं. कोण जायचं, कशाला जायचं हे गावातला माणूस सांगतो. केळदजवळच्या एका वाटेवर आमच्याबरोबर आलेले मामा एका दगडापाशी थांबले, मी विचारलं, मामा इथे काय, तर म्हणाले, "हितं वझं टेकवायचं. कोकणातनं मीठ आणायचो ना, डोक्यावरनं खाली घ्यायला दुसरं मानूस लागतं, हा दगुड बरोबर छातीइतका हाय, एकल्यालाबी टेकवता येतं." मी त्या दगडावरून कितीदा तरी पुढे गेलो होतो. त्या उंचीचा, वर सपाट असा दगड मग इतर वाटांवरपण दिसायला लागला, नेहमी चढाच्या शेवटी, सावलीच्या जवळ.

वाट ओळखायची कशी, तर खाली बघा. वापरातल्या वाटेवरचे दगड वरून फिकट, घासलेले असतात, बाजूच्या दगडांवर मात्र काळपट-पांढरी बुरशी चढलेली असते. ढोरवाटा खूप फसवतात, त्या रुंद आणि छान मळलेल्या असतात पण पाण्यापाशी किंवा गवतात जाऊन फुटतात, दहा-पंधरा मिनिटांत तीन-चार फाटे झाले तर समजा ढोरवाट आहे, परत फिरा. जुनी वाट सहसा एकच राहते आणि उंची हळू गमावते. माथ्यावर आणि पायथ्याशी देव असतो, बरेचदा वाघजाई, शेंदूर लावलेला तांदळा (मूर्ती नसलेला देवाचा दगड), कधी शेजारी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, उभा केलेला, कधी नुसता दगड पडलेला. तो दिसला की वाट बरोबर आहे. चपला काढून नमस्कार करा नाहीतर नका करू, पण तिथे बसून खाऊ नका आणि प्लास्टिक ठेवू नका.

आता दुसरी वाट, उपांड्या आणि मढे. पुण्याहून नसरापूर, वेल्हे आणि पुढे केळद. तोरण्याच्या पायथ्यावरून जाणारा हा रस्ताच सुंदर आहे, पण शेवटी अरुंद आणि वळणावळणाचा, सावकाश चालवा. केळद घाटमाथ्यावर आहे, तिथून उपांड्या घाटाने खाली कर्णवडीला उतरायचं, ते गाव पदरात आहे, आणि मग मढे घाटाने वर चढून परत केळदला. आरामात पाच-सहा तास. केळदपासून कर्णवडीपर्यंतची वाट तिथल्या माणसांच्या पिढ्यानपिढ्या पायाखालची आहे, बाजारहाट, पाहुणेरावळे, आजारी माणसाला झोळीत घालून आणणं सगळं याच वाटेने, त्यामुळे ती जिवंत वाट आहे. मढे घाट जास्त मोडलेला, झाडीत बुजलेला आहे काही ठिकाणी, म्हणून केळदचाच माणूस बरोबर घ्या, आदल्या दिवशी फोन करून ठरवा, पैसे आधी बोलून घ्या म्हणजे दोघांनाही अवघड होत नाही.

मढे घाटाशी तानाजी मालुसऱ्यांची आठवण जोडलेली आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडावर ते पडले आणि त्यांचं पार्थिव याच घाटाने कोकणात पोलादपूरजवळच्या उमरठ्याला नेलं असं परंपरेने सांगतात, समाधी तिथे आहे. मुलगी सिंहगड पाहिलेली आहे म्हणजे तिच्यासाठी ही वाट फार जवळची होईल. सिंहगड ते केळद नकाशावर अंतर मोजायला लावा, मधे डोंगराच्या किती रांगा आहेत ते मोजायला लावा, आणि मग घाटात चढताना विचारा की खांद्यावर पालखी घेऊन इथे पाय कुठे ठेवशील. शाळेच्या पुस्तकात चार ओळी असतात, इथे ती वळणं स्वतःच्या मांड्यांना कळतात. मढेचा धबधबा पावसाळ्यात प्रसिद्ध आहे आणि म्हणूनच जुलैतल्या रविवारी केळदला जाऊ नका, गाड्यांच्या रांगेतच दिवस जातो.

तिसरी, कुरवंडे ते उंबरखिंड. ही एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपणारी वाट आहे, म्हणजे लोणावळ्यापर्यंत लोकलने, तिथून रिक्षाने कुरवंडे, नागफणी सुळक्याच्या बाजूने घाट उतरून खालच्या चावणी गावाकडे आणि मग खोपोलीवरून परत लोणावळा. साधारण तीन-चार तासांचं उतरणं. वडिलांच्या गुडघ्यांसाठी ही सगळ्यात कठीण, म्हणून शेवटी. २ फेब्रुवारी १६६१ ला शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची मुघल फौज इथे खाली जंगलात अडवली. शाइस्ताखान तेव्हा पुण्यात होता, त्याने या खानाला कोकणात पाठवलं होतं, बरोबर रायबागन ही मुघलांची स्त्री सरदारही होती. फौज घाट उतरून अंबा नदीच्या आसपासच्या दाट रानात शिरली, दोन्ही तोंडं बंद झाली, आणि शेवटी सगळं सामान टाकून शरण जाऊन सुटावं लागलं. याबद्दल वाचलेलं असतंच, पण उतरताना एक प्रयोग करा. तुम्ही चौघं-पाच जण असाल तर नेहमीच्या अंतराने चाला आणि मधेच थांबून पुढचा माणूस दिसतोय का बघा. बहुतेक ठिकाणी दिसत नाही. आता हजारो माणसं, घोडे, ओझ्याची जनावरं, एकामागे एक, पुढच्याला काय झालं हे मागच्याला कळायला किती वेळ लागेल. ती लढाई का जिंकली गेली हे त्या वाटेच्या रुंदीत आहे. खाली उंबरखिंडीत स्मारक आहे, तिथे थांबा.

या वाटा बंद का पडल्या, तर मोठा धक्का बोरघाटाने दिला. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला, मग १८६३ मध्ये रेल्वे घाटातून गेली. ज्या मालाला बैलांचा तांडा आणि आठवडे लागायचे तो गाडीत बसला. मोठा व्यापार संपला, पण वरच्या आणि खालच्या गावातली सोयरीक, मीठ-तांदूळ, बाजार हे चालूच राहिलं, एसटी पोचेपर्यंत. म्हणून अजून सत्तर-ऐंशीच्या पुढची माणसं भेटतात ज्यांनी ही वाट ओझं घेऊन केलीये. त्यांच्याशी बोलायची संधी फार वर्षं राहणार नाही, मुलीला सांगा मोबाईलवर रेकॉर्ड कर, अर्थात आजी-आजोबांना विचारून.

तयारीचं पटकन. वडिलांना महिनाभर आधी आतकरवाडीकडून सिंहगड चढवा आणि चालत उतरवा, गाडीने नाही, कारण परीक्षा उतरण्याची आहे. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा दुखला तर अजून थांबा. हातात काठी, बांबूची साधी चालते, उतरताना छातीपर्यंत येईल एवढी लांब. बूट ग्रिपवाले, नवे कोरे नकोत. माणशी तीन लिटर पाणी, लिंबू-मीठ-साखर, गूळ-शेंगदाणे, दशम्या, टॉर्च, वडिलांची औषधं दोन ठिकाणी वाटून. परफ्युम, डिओ नको, कड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि त्यांना वास, धूर, आरडाओरडा सहन होत नाही. उठल्याच माश्या तर कड्याच्या कडेला धावपळ करू नका, ओढणी-चादर डोक्यावरून घेऊन तोंड झाका आणि खाली वाकून झाडीत सरका. पालापाचोळ्यात काठी आपटत चाला, फुरसं हा विषारी साप लहान असतो आणि दगडाच्या रंगाचाच असतो. घरी कोणाला तरी लिहून ठेवा की कुठल्या गावातून उतरतोय आणि किती वाजता फोन न आल्यास कुठे विचारायचं. तो कागद फ्रीजवर लावा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, शेवटी सापडत नाही.

नाणेघाटावरून परतताना वेळ उरला तर जुन्नरला थांबून शिवनेरीच्या पोटातली किंवा लेण्याद्रीची लेणी बघा. जुन्नरभोवती दोनशेहून जास्त लेणी कोरलीत, आणि तिथल्या काही दानलेखांत यवन दात्यांची नावं आहेत, म्हणजे ग्रीक किंवा परदेशी मुळाची माणसं. त्यातली काही कदाचित सोपाऱ्या-कल्याणच्या बंदरांकडून तुम्ही सकाळी चढलात तोच घाट चढून आली असतील. लेण्याद्रीला पायऱ्या बऱ्याच आहेत, वडील दमले असतील तर त्यांना खाली चहा पाजा आणि मुलीला घेऊन तुम्ही वर जाऊन या. संध्याकाळी पाचच्या आत जुन्नर सोडा, नाहीतर राजगुरुनगर-चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकाल.